आधी गुठळी, मग ताल: मालवण किनाऱ्यावरचं एक प्रकरण

अडतीस वर्षांची, ४८ किलो वजनाची, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणारी स्त्री मे महिन्याच्या मध्यावर मालवण तालुक्यातल्या एका दवाखान्यात आली. तीन आठवडे छातीत धडधड, चढणीवर दम, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. "डॉक्टरानु, घाटी चढूक गेलंय काय अर्ध्यार बसूचा लागता," एवढीच तिची तक्रार. पायाला सूज होती, पण ती उन्हात उभं राहून येते असं तिने धरून चाललं होतं.

हे एकाच रुग्णाचे कागद नाहीत. अशा रुग्णांची वाटचाल जशी होते त्यावरून अभ्यासासाठी रचलेलं हे प्रकरण आहे. औषधांचे डोस, मोजमापं आणि नियम मात्र रोजच्या वापरातले आहेत.

नाडी मोजताना

पहिल्या दवाखान्यात ऑक्सिमीटरवर ११० आकडा दिसला आणि चिठ्ठीवर तोच लिहिला गेला. मनगटाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजली तर १०८ होती, त्याच वेळी स्टेथोस्कोपने छातीवर मोजले तर ठोके १४२. मधले ३४ ठोके इतके लवकर पडत होते की हृदय भरायच्या आतच आकुंचन व्हायचं आणि लाट मनगटापर्यंत पोचायचीच नाही. ताल अनियमित असेल तर १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. बीपीचं स्वयंचलित यंत्रही अशा वेळी भरकटतं, म्हणून हाताने तीनदा मोजून सरासरी धरली: १०४/७०.

ईसीजीवर पी लहरी नव्हत्या आणि ठोक्यांमधलं अंतर सतत बदलत होतं. हे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ: हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात. १४० च्या पुढे गेलं की ते लांबून नियमित भासतं. मग 'पीएसव्हीटी' (वेगाचा पण नियमित असलेला दुसरा ताल) समजून ॲडिनोसिनची सिरिंज भरली जाते. कोऱ्या कागदाच्या कडेवर सलग चार ठोक्यांच्या खुणा करून तो कागद पुढे सरकवला की खुणा जुळत नाहीत हे लगेच कळतं. तरी शंका राहिली तर यंत्राचा वेग २५ वरून ५० मिलिमीटर करायचा. हे करता करता हृदयाच्या विजेचा उजवीकडे झुकलेला अक्षही (उजव्या बाजूवर ताण असल्याची खूण) दिसला, आणि खरी दिशा त्याने दाखवली.

तिला ना मधुमेह, ना रक्तदाब. अशा तरुण बाईला एएफ झालं तर आधी झडपेकडे बघायचं. १४० च्या गतीला मायट्रल स्टेनोसिसची (हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद होण्याची) घरघर ऐकू येईलच असं नाही, पण हृदयाचा पहिला आवाज ठणठणीत होता, आणि तीही त्याचीच खूण. खोदून विचारल्यावर जुनी गोष्ट निघाली: बाराव्या वर्षी ताप, गुडघा बरा झाला की घोटा सुजायचा, दर तीन आठवड्यांनी कमरेत घ्यायची 'पेनिड्युर'ची (पेनिसिलिनची) इंजेक्शनं सांगितली होती, लग्नानंतर ती सुटली. हा रुमॅटिक ताप, हृदयाची झडप खराब करणारा. 'लहानपणी काही आजार होता का' या प्रश्नाला उत्तर 'नाय' असंच येतं. 'सांधे सुजून शाळा बुडाली होती का' असं विचारावं लागतं.

एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मायट्रल झडपेचं तोंड १.१ चौरस सेंटिमीटर निघालं (निरोगी झडपेचं ४ ते ६ असतं), डावा कर्णिका कप्पा (हृदयाचा डावा वरचा कप्पा) ५२ मिलिमीटर, फुप्फुसाच्या धमनीतला दाब ५२. विल्किन्स गुण ७, म्हणजे झडप जाड झालेली पण फुग्याने उघडण्याजोगी. हिमोग्लोबिन ९.६, थायरॉइड ठीक, पोटॅशियम ३.४.

गती उतरवणं, ताल न छेडता

अरुंद झडपेतून रक्त खाली उतरायला वेळ लागतो, आणि तो वेळ फक्त दोन ठोक्यांच्या मधे मिळतो. गती १४० झाली की हा मधला काळ सर्वांत जास्त कापला जातो, रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात पाणी उतरतं. म्हणून इथे लघवीवाटे पाणी काढणारं लासिक्स नुसतं देऊन भागत नाही. लासिक्स ४० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, पोटॅशियम भरून काढलं, आणि गती उतरवणारं मेटोप्रोलॉल २.५ मिलिग्रॅम दोन मिनिटांत हळू, मॉनिटरवर नजर ठेवून. पाच मिनिटांनी पुन्हा तेवढंच. संध्याकाळपासून २५ मिलिग्रॅमची गोळी दोनदा. तिसऱ्या दिवशी विश्रांतीतली गती ८४ आणि पाय हलके.

एएफमध्ये विश्रांतीला ११० पर्यंत गती चालते हा सैल निकष सगळीकडे लावला जातो. स्टेनोसिसमध्ये तो लावू नये, ६० ते ८० कडे न्यावं.

या टप्प्यावर सर्वांत घातक ठरतो तो 'गती कमी करायला' दिलेला ॲमिओडॅरोन. तो गती उतरवतो खरा, पण कधीकधी तालही पूर्ववत करतो. तीन आठवडे थरथरत असलेला कप्पा अचानक नीट आकुंचन पावायला लागला आणि आत गुठळी असली तर ती सुटून मेंदूकडे जाते. शॉक देऊन ताल आणतानाही हीच भीती. रुग्ण कोसळत असेल तर शॉक द्यायलाच हवा, तिथे थांबायचं नाही. ती कोसळत नव्हती. एएफ कधी सुरू झालं हे तिलाही नक्की सांगता येत नव्हतं. एएफ सुरू होऊन ४८ तास व्हायच्या आत असेल तर आधी रक्त पातळ न करता ताल आणता येतो, हा जुना नियम २०२४ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनी २४ तासांवर आणला आहे, आणि रुमॅटिक झडपेत तर त्या २४ तासांवरही विसंबू नये.

मोबाइलवरचा गुणांक

पक्षाघाताचा धोका मोजायचं सीएचए२डीएस२-व्हॅस्क ॲप सगळ्या डॉक्टरांच्या फोनमध्ये असतं. तिचं वय ३८, मधुमेह नाही, बीपी नाही. हार्ट फेल्युअरचा एक आणि स्त्री असल्याचा एक, एवढेच गुण. नव्या पद्धतीत स्त्री असल्याचा गुणही गेला. ॲपच्या हिशेबाने औषधाचा 'विचार करा'. पण मध्यम किंवा तीव्र मायट्रल स्टेनोसिस असताना हे ॲप उघडायचंच नसतं. अशा एएफला गुण कितीही येवोत, रक्ताची गुठळी रोखणारं औषध सुरू करायचं.

मालवणहून मोठं केंद्र म्हणजे दक्षिणेला बांबोळी, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. तिथे अन्ननलिकेतून केलेल्या एकोत डाव्या कप्प्याच्या कानोऱ्यात (कप्प्याला जोडलेल्या छोट्या पिशवीत) १४ गुणिले ९ मिलिमीटरची गुठळी दिसली. फुग्याने झडप उघडण्याचा बेत तिथेच थांबला. सुई कप्प्यांमधला पडदा ओलांडून जिथे जाणार, तिथेच गुठळी बसलेली. गुठळी रोखणारं इंजेक्शन एनॉक्सापॅरिन किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा; ६० मिलिग्रॅमच्या सिरिंजमधून ५० दिलं. सोबत एसिट्रोम (रक्त पातळ करणारी, वॉरफेरिनच्या कुळातली गोळी) २ मिलिग्रॅम रोज रात्री. सहाव्या दिवशी आयएनआर (रक्त किती पातळ झालं याचं माप) २.२ आणि सातव्या दिवशी २.४ आला, तेव्हा इंजेक्शन थांबलं. शस्त्रक्रिया होऊन कुटुंबनियोजन झालेलं आहे ना, हेही इथेच विचारून घेतलं, कारण गरोदरपणाच्या सुरुवातीला या गोळीने गर्भात व्यंग येऊ शकतं. बारा आठवड्यांनी पुन्हा बघायचं ठरलं.

आणि रुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून घ्यायच्या पेनिसिलिनचं काय? तिची झडप अजून तीव्र अरुंद होती आणि रक्त पातळ केलेलं होतं. अशा अवस्थेत स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने जागेवर रक्त साकळू शकतं, शिवाय तीव्र झडपदोषात इंजेक्शननंतर हृदय अचानक ढासळण्याचा धोका अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये नोंदवला आहे. म्हणून पेनिसिलिन व्ही २५० मिलिग्रॅम, तोंडावाटे, दिवसातून दोनदा.

जून ते ऑगस्ट

आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा, एवढं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं जातं. कोकणातला पावसाळा त्या कागदावर नसतो.

चौदाव्या दिवशी २.६, अठ्ठाविसाव्या दिवशी २.३. बेचाळिसाव्या दिवशी, जूनअखेर, १.६. गोळ्या बुडाल्या का म्हणून पाकीट मोजलं तर हिशेब बरोबर. मग ताट विचारलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ताजी मासळी नाही, आणि पहिल्या सरींनंतर परसात टाकळा, कुर्डू, अळू उगवलेलं. रोज एक पालेभाजी. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं आणि एसिट्रोम नेमकं त्याच्या विरुद्ध काम करतं. इथे 'पालेभाजी बंद' असं सांगणं सोपं, पण चुकीचं. हिमोग्लोबिन ९.६ असलेल्या बाईच्या ताटातून भाजी काढायची, आणि पाऊस संपला की आयएनआर उलट्या दिशेने पळणार. तिला सांगितलं, "वहिनी, भाजी खा, पण रोज साधारण एक वाटी. आज चार वाट्या नि चार दिवस काहीच नाही, असं नको." आठवड्याचा डोस १४ वरून १६ मिलिग्रॅम केला: पाच दिवस २, दोन दिवस ३. एका वेळी ५ ते २० टक्क्यांपेक्षा जास्त बदल करू नये.

छप्पन्नाव्या दिवशी २.२. त्यानंतर ताप आला. पाणी साचलेल्या पाणंदीतून रोजची ये-जा, आणि सिंधुदुर्गात पावसात ताप म्हटलं की लेप्टोस्पायरोसिस आधी आठवावा लागतो. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा, सात दिवस. उपचार अगदी योग्य होता. फक्त डॉक्सिसायक्लिनने एसिट्रोमचा परिणाम वाढतो, तापात जेवण घटतं म्हणून व्हिटॅमिन के कमी पडतं, आणि पॅरासिटामॉल जास्त दिवस पोटात गेलं की तेही भर घालतं. एकोणसत्तराव्या दिवशी आयएनआर ६.१. दात घासताना हिरडीतून थोडं रक्त, बाकी काही नाही.

हा ६.१ खरा का, हे आधी पाहायचं. निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट आणि रक्ताचं प्रमाण १ ला ९ हवं: ०.३ मिलिलीटर सायट्रेटला २.७ रक्त. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर आयएनआर खोटा वाढलेला येतो, आणि तालुक्याच्या लॅबमध्ये बारीक शीर असलेल्या बायकांच्या नळ्या सर्रास अर्ध्या भरतात. पुन्हा घेतलेला नमुनाही तसाच आला. मोठा रक्तस्राव नसेल आणि आयएनआर १० च्या आत असेल तर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देत नाहीत. ते दिलं की पुढे आठवडाभर गोळी लागू पडत नाही आणि कानोऱ्यातली गुठळी मोकळी राहते. दोन रात्रींचा डोस टाळला. एसिट्रोम वॉरफेरिनपेक्षा लवकर उतरतं. बहात्तराव्या दिवशी ३.४, एकोणऐंशीव्या दिवशी २.७.

शहाऐंशीव्या दिवशी १.५. आता काय झालं? घरच्यांनी रक्त पाहिलं होतं. त्यांनी कुणाला न विचारता गोळी अर्धी केली. कार्डावर 'एक गोळी' असं लिहिलेलं होतं, मिलिग्रॅम नाही, त्यामुळे अर्धी म्हणजे नक्की किती कमी हे कुणालाच कळलं नाही.

बावन्न टक्के

रक्त किती काळ योग्य पट्ट्यात राहिलं हे मोजायची रोझेंडालची रीत आहे: दोन आयएनआरच्या मधे सरळ रेष धरायची आणि २ ते ३ मध्ये पडणारे दिवस मोजायचे. सातव्या ते शहाऐंशीव्या दिवसापर्यंतच्या ७९ दिवसांतले साधारण ४१ दिवस पट्ट्यात आले, म्हणजे ५२ टक्के. ६५ ते ७० च्या वर असेल तर चांगलं म्हणतात. ही रीत इथे तिच्यावर थोडा अन्यायही करते. २.२ ते ६.१ ही चढण तेरा दिवसांत सारखी चढलेली नाही, ती डॉक्सिसायक्लिन सुरू झाल्यानंतरची आहे. सरळ रेषेला ते दिसत नाही.

बारा आठवड्यांनंतरच्या एकोत गुठळी ८ गुणिले ५ वर आली होती, गेली नव्हती. अशा वेळी सल्ला ठरलेला असतो: आयएनआर जमत नाही ना, मग नवी गोळी द्या, तपासणीची कटकटच नको. झडप निरोगी असलेल्या एएफमध्ये हा सल्ला बरोबर आहे. रुमॅटिक स्टेनोसिसमध्ये तो तपासून पाहिला गेला आहे.

इन्व्हिक्टस चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. २४ देश, अंतिम विश्लेषणात ४,५३१ रुग्ण, सरासरी वय ५० च्या आसपास, ७२ टक्के स्त्रिया. म्हणजे आपल्याच ओपीडीतल्या बाया. अर्ध्यांना रिव्हरॉक्साबॅन ही नवी गोळी, अर्ध्यांना वॉरफेरिनच्या कुळातली गोळी. पक्षाघात, गुठळी सुटणं, हार्ट ॲटॅक किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी रिव्हरॉक्साबॅन गटात ५६० जणांना झालं, जुन्या गोळीच्या गटात ४४६ जणांना. रक्तस्राव जुन्या गोळीने वाढला नाही. फरक मुख्यतः मृत्यूंमध्ये होता.

या चाचणीतला सर्वांत कामाचा आकडा मात्र निष्कर्षात शोधून सापडत नाही. जुन्या गोळीच्या गटातले आयएनआर काही आदर्श नव्हते. सुरुवातीला जेमतेम ३३ टक्के रुग्ण पट्ट्यात होते, पुढे ते प्रमाण ५६ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान राहिलं. म्हणजे साधारण आयएनआर असूनही जुनी गोळी जिंकली. आपल्या रुग्णाचे ५२ टक्के हे गोळी बदलायचं कारण ठरत नाही. त्या ५२ टक्क्यांची कारणं कुठे आहेत ते शोधून काढायचं: ताट, ताप, कार्ड.

काय बदललं

गोळी एकाच ताकदीची ठेवली, १ मिलिग्रॅमची. एसिट्रोम १, २, ३, ४ अशी मिळते, आणि दुकानात २ संपली की ४ हातात येते. आता कार्डावर वाराप्रमाणे गोळ्यांची संख्या आणि मिलिग्रॅम दोन्ही. वेळ रात्री आठची, कारण सकाळी रक्त दिलं की दुपारी अहवाल येतो आणि त्याच रात्रीचा डोस बदलता येतो. कार्डाच्या मागे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठी तीन ओळी: कोणतंही प्रतिजैविक द्या, पण तिसऱ्या ते पाचव्या दिवसात आयएनआर करा, डायक्लोफिनॅक आणि कमरेतलं इंजेक्शन नको, मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमॉक्साझोल किंवा फ्लुकोनॅझोल देण्याआधी फोन. ही शेवटची तीन डॉक्सिसायक्लिनपेक्षा कितीतरी जास्त आयएनआर चढवतात. गोकुळाष्टमीला शेगलाची (शेवग्याच्या पाल्याची) भाजी होणारच, ती खायची, आणि दोन दिवसांनी ठरलेलं रक्त द्यायचं.

आठवड्याला एक आयएनआर. मासेमारी सुरू झाल्यावर रक्त द्यायला जाणं म्हणजे सकाळचा लिलाव बुडवणं, म्हणून उपकेंद्रात बोटाच्या थेंबावर चालणारं यंत्र. त्याच्या पट्ट्या ३० अंशांच्या आत, कोरड्या डब्यात. डबा उघडा राहिला तर कोकणातली हवा पट्टी खाते. यंत्राने ४.५ च्या वर दाखवलं तर शिरेतलं रक्त लॅबला.

हे एका बाईला जमलं म्हणून सगळ्यांना जमेल, असं म्हणता येत नाही. ताल-तज्ज्ञाचं संशोधनाचं काम इथूनच सुरू होतं, आणि ते ॲब्लेशनच्या (ताल बिघडवणाऱ्या जागा आतून जाळण्याच्या) प्रयोगशाळेतलं नाही. प्रश्न असा मांडायचा: उपकेंद्रातलं यंत्र आणि वाराचं कार्ड यांनी पट्ट्यातले दिवस वाढतात का? रुग्ण एकेक करून दोन गटांत वाटले तर एकाच वाडीत दोन तऱ्हेची कार्डं फिरतील आणि ती आपसांत मिसळतील. म्हणून अख्खी आरोग्य केंद्रंच चिठ्ठी टाकून वाटावीत. जून ते सप्टेंबरचे आकडे वेगळे काढायचे हे आधीच लिहून ठेवायचं, निकाल बघून नंतर नाही. मोठा रक्तस्राव कशाला म्हणायचं तेही आधी: हिमोग्लोबिन २ ग्रॅमने उतरणं, दोन पिशव्या रक्त लागणं, किंवा मेंदूसारख्या जागी स्राव. नीतिमत्ता समितीची परवानगी आणि सीटीआरआयची (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिल्या रुग्णाच्या आधी. संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवून, आणि शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतः न घेता. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याला 'नको' म्हणणं कुणालाही जड जातं.

फुगा, आणि त्यानंतरचा ताल

विसाव्या आठवड्यात कानोरा स्वच्छ. उंची १५२ सेंटिमीटर. झडप उघडायच्या इनोए फुग्याचं माप उंचीला १० ने भागून त्यात १० मिळवून काढतात, म्हणजे २५.२. सुरुवात २३ मिलिमीटरवर, मग एकेकाने वाढवत २५ ला थांबले. प्रत्येक फुगवणीनंतर एको, कारण फुगा वाढवताना झडप फाटू शकते. तोंड १.१ वरून १.८, डाव्या कप्प्यातला दाब २४ वरून ११, गळती किंचित. १.५ च्या वर आणि मोठी गळती नाही, हे यश.

ताल अजून एएफच. ५२ मिलिमीटरचा कप्पा आणि निदान पाच महिन्यांची थरथर, यावर ॲब्लेशन सुचवलं नाही. रुमॅटिक कप्प्यात व्रण सगळीकडे पसरलेले असतात आणि पुरावाही तोकडा. पण एकदा प्रयत्न करण्याला आधार आहे. मुंबईत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४४ रुमॅटिक एएफ रुग्णांच्या अभ्यासात ताल टिकवलेल्यांची चालण्याची ताकद जास्त राहिली होती. सलग चार आठवडे आयएनआर २ च्या वर ठेवून, ॲमिओडॅरोन सुरू करून, २०० ज्यूलचा एक सिंक्रोनाइज्ड शॉक दिला. ॲमिओडॅरोन सुरू करतानाच एसिट्रोम एक तृतीयांशाने उतरवलं, नाहीतर तीन आठवड्यांत पुन्हा सहाचा आकडा दिसला असता.

ताल सात आठवडे टिकला, मग एएफ परत आलं. या वेळी गती ९० होती, दम नव्हता, आणि ती घाटी न बसता चढत होती. दुसरा शॉक दिला नाही. ॲमिओडॅरोन बंद केला. तो शरीरातून उतरायला महिने लागतात, त्यामुळे एसिट्रोम एका झटक्यात जुन्या डोसवर न नेता दर पंधरवड्याच्या आयएनआरप्रमाणे वर आणलं. मेटोप्रोलॉल चालू. पेनिसिलिन निदान चाळिशीपर्यंत. आयएनआर कोरड्या महिन्यांत चार आठवड्यांनी, १ जूनपासून सप्टेंबरअखेर दर पंधरा दिवसांनी. आणि फुगा यशस्वी झाला म्हणून एसिट्रोम थांबवायचं नाही, हे कार्डाच्या दर्शनी बाजूला लाल शाईत.